सतरा दात आणि सोमवारचा वारा

मित्रांनो, माझे दात मोजून पाहा, सतरा भरतील. सायकलच्या मागच्या चाकावर बसणारे मी एक जुने पोलादी चक्र आहे. तुमच्या सायकलीवरच्या चक्राचे सुख मला कधी लाभले नाही. उतारावर तुम्ही पाय थांबवता, तरी तुमचे चाक फिरत राहते. आमच्या सायकलीला ती सोय नव्हती. चाक फिरले की मी फिरायचे, माझ्यामागून चेन, आणि चेनबरोबर स्वाराचे पाय. थांबायचे तर साऱ्यांनीच थांबायचे. म्हणून स्वस्थ बसणे माझ्या स्वभावात मुळी उतरलेच नाही.

बर्मिंगहॅमच्या एका कारखान्यात मला लाल होईस्तोवर तापवून तेलात बुडवले, आणि तिथून मी लँकशरमधल्या हॅझलडेन गावी विनिफ्रेड एन्टविसल हिच्या सायकलीवर आले. विनी सूतगिरणीत धाग्याची ताकद मोजण्याचे काम करी. तिच्या चाकाच्या एका अंगाला मी होते आणि दुसऱ्या अंगाला वीस दातांचे माझे भावंड. चाक काढून उलटे बसवले की चेन माझ्यावरून त्याच्यावर जाई. आमच्याकडे गियर बदलण्याची युक्ती एवढीच, आणि ती चालत्या सायकलीवर करता येत नसे.

पुढच्या चक्राला चव्वेचाळीस दात होते. पायडलच्या एका फेऱ्यात मी सायकल अठरा फूट पुढे नेई, वीसदाती साडेपंधरा. माझा फेरा लांबचा पण जड, त्याचा हलका पण आखूड. चढणीवर यांतले कोणते बरे, हे नुसत्या भागाकाराने ठरत नाही. ते मोजावे लागते.

दर शरदात गावचा सायकल क्लब रॅम्सक्लफच्या चढावर शर्यत घेई. पहिले तिघे परगण्याच्या शर्यतीला जात. त्या वर्षी दोन जागा ठरल्यातच जमा होत्या. तिसरीसाठी विनी आणि पर्सी हॅलिवेल यांच्यात चुरस होती. क्लबच्या चमूत आजवर एकही बाई गेली नव्हती, आणि विनीने ती जागा मनाने केव्हाच घेऊन ठेवली होती.

"वीस दात?" पर्सी तिला म्हणाला. "अगं, आमच्या आजोबांच्या सायकलीला आहेत वीस. अर्ध्या चढावर थांबून चहा घेतात ते."

"आणि चहा पिऊनही तुझ्या आधी पोचतात म्हणे," विनी म्हणाली.

उत्तर चोख होते, पण टोमणा लागला होता.

एका गुरुवारी तिने वीसदातीवर चढ मोजला: सहा मिनिटे तीन सेकंद. पुढच्या सोमवारी माझ्यावर: पाच मिनिटे अठ्ठेचाळीस. वहीत दोन ओळी झाल्या आणि निकाल लागला. विनीने मला रॉकेलने पुसले, तेलाचा थेंब दिला. तिचे वडील सेथ यांनी मला उजेडात धरून म्हटले, "हे खरं पोलाद!" इतके कौतुक माझ्या वाट्याला पुन्हा आले नाही. आणि मी अस्वस्थ होते. कारण त्या संध्याकाळी चढावर मी होते, आणि वारा आमच्या पाठीशी होता. चक्राला कोणी साक्षीला बोलावत नाही.

त्याच आठवड्यातल्या रविवारी, शर्यतीच्या सकाळी, धुके उतरले होते. दर मिनिटाला एक स्वार सुटत होता. विनीची आई अ‍ॅडा चहाचा थर्मास घेऊन कठड्यावर बसली होती.

"काय बाई, पानसुद्धा हलत नाही आज," ती म्हणाली. "सोमवारी असं असतं तर माझी चादर दोरीवर तरी राहिली असती. थेट ब्रॅडशॉबाईंच्या कोबीत गेली!"

हॅझलडेनमध्ये धुणे सोमवारीच पडते. विनी एकदम वळली.

"आई, कुठल्या दिशेला गेली?"

"कोबीच्या दिशेला."

"आई!"

"अगं, वर. डोंगराकडं. कोबी काय खाली आहे होय त्यांचा?"

विनीने वही उघडली. माझ्या ओळीपुढे सोमवारची तारीख होती. वारा कुठेच लिहिलेला नव्हता. गिरणीत साधा धागा तोलताना ही बाई आधी खिडक्या लावून घेई.

"बाबा, पाना द्या."

"आता? तुझ्या आधी चारच जण राहिलेत!"

"म्हणजे चार मिनिटं आहेत. द्या लवकर."

"सतरानं पंधरा सेकंद वाचतात, तूच लिहिलंयस ना?"

"मी वाऱ्याचे सेकंद लिहिलेत, बाबा."

तिने चाक उतरवले. घाईने ते उलटे केले. एक नट गवतात पडला, तो सेथने गुडघ्यांवर रांगत शोधला. तिच्या मागच्या क्रमांकाचा पर्सी हे बघत होता. "चाक उलटं लावलंस? आता काय, मागं मागं जाणार?"

विनीने अंगठ्याने चेन दाबून ताण पाहिला आणि ती खोगिरावर बसली. सेथने मागून सायकल तोलून धरली. वेळ मोजणाऱ्याने पाच आकडे उलटे म्हटले.

मित्रांनो, तो चढ मी चढले, पण रिकामे. दुसऱ्या अंगाला चेनशिवाय नुसतीच गरगरत होते. दगडी वळणावर, जिथे चढ सर्वांत उभा आहे, तिथे सारा सांगाडा कण्हला. पण पाय थांबले नाहीत. पाच मिनिटे चोपन्न सेकंद. तिच्यामागून आलेल्या पर्सीला पाच छप्पन्न लागले. चिटणिसाने तिसऱ्या जागी विनिफ्रेड एन्टविसल हे नाव लिहिले.

"मग माझ्या चादरीला काय बक्षीस?" अ‍ॅडाने विचारले.

सगळे म्हणाले, वीसच बरोबर होते. मला ते सिद्ध झालेले दिसत नाही. गुरुवारच्या मानाने वीसदातीने नऊ सेकंद कमी घेतले. ते सेकंद दातांचे नव्हते, पायांचे होते. तेच पाय, तेच धुके, आणि चेन माझ्यावर असती तर? ठाऊक नाही. तो प्रयोग झालाच नाही. विनीने वहीत वाऱ्याचा नवा रकाना आखला. माझ्या ओळीपुढे तो कोराच राहिला. जिंकलेल्या माणसाला फेरमोजणीची घाई नसते.

पुढे चालता चालता बदलणारे गियर आले. आता मी बिस्किटांच्या डब्यात, नटबोल्टांच्या गर्दीत पडून आहे. तीन दातांना गंज चढला आहे. वाऱ्यावर मिळालेली शाबासकी मला नको होती, आणि न मोजता मिळालेली अडगळही नको आहे. तुमच्या घरी असे एखादे जुने चक्र असेल, तर त्याला फेकू नका आणि हारही घालू नका. गंज पुसा, थेंबभर तेल द्या, आणि वारा पडलेला असेल अशा दिवशी त्याला चढावर न्या.

सहा मिनिटे पुरतील. कदाचित थोडी जास्त.