मामांच्या भाकरीतली पूड

"गोळ्यांशिवाय घरी आणखी काही चालू आहे का? काढा, चूर्ण, झाडपाल्याचं काही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"न्हाई," कचरूमामा खाटेवरून म्हणाले. "सूनबाईच्या हातची बाजरीची भाकर तेवढी. तिचा गुण येत असंल तर लिहून ठेवा."

डॉक्टरीणबाई हसल्या. अर्पिता कडेवरच्या लेकीला उगाच थोपटत राहिली. तिच्या सासऱ्यांची, कचरूमामांची, उद्या बायपास होती.

त्यांच्या गावी, राजूरला, शेजारच्या वसंताचं हेच ऑपरेशन झालं होतं. ऑपरेशन बराबर झालं, पण नंतर हृदयाचे ठोके बिघडले आणि पुन्हा दवाखाना. ते ऐकल्यापासून अर्पिताला चैन नव्हती. मोबाइलवर तिला लसूण-हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल दिसल्या, ठोके ताळ्यावर ठेवतात म्हणे. तिनं मागवल्या. मामा म्हणाले, "आधीच मूठभर गोळ्या गिळून राह्यलो. आता आणखी एकबी न्हाई." मग ती रोज कॅप्सूल उघडून पूड त्यांच्या पिठात मळू लागली. वास ताटातल्या लसणाच्या चटणीत लपून जायचा. लेकीचं कडू औषध ती केळ्यात कालवायची, तसंच हे. झाडपाल्यानं काय होतंय?

"छान," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अशा गोष्टींनी कधी कधी रक्त पातळ होतं. ऑपरेशनमध्ये ते थांबवणं अवघड जातं." आणि त्या पुढच्या खाटेकडे वळल्या.

अर्पितानं लेकीला खाटेशी बसलेल्या सासूबाईंच्या मांडीवर दिलं. ती डॉक्टरीणबाईंच्या मागे गेली.

"मॅडम, भाकरीत होतं. मी घालत होते. मामांना माहीत नाही."

ऑपरेशन पुढं ढकललं. तिचा नवरा भारत दारातच चिडला, "डॉक्टर झालीस का तू?"

"बोलली तरी," सासूबाई म्हणाल्या. "गप बसली असती मंग?"

मामांनी तिच्यावरची नजर छताकडे नेली. तेच तिला सोसेना.

"मामा, तुम्हाला काही होऊ नये म्हणून..."

"ठाऊक हाय." ते अजून छताकडेच बघत होते. "पण मी न्हाई म्हणल्तो ना, पोरी. लहान लेकरू हाय का मी?"

संध्याकाळी डबा उघडला. मामांनी भाकरीचा तुकडा मोडला, नाकाशी नेला आणि तसाच हातात धरून बसले.

"मी केलेली नाही," अर्पिता सासूबाईंकडे बघत हळूच म्हणाली. "आत्याबाईंनी केलीय."

मग त्यांनी तो खाल्ला.