फटीतलं हेलियम

“आई, आणखी क्रेट लावू नका ना, झोळी अडकतेय!” लॅपटॉपवर हात ठेवून मयुरा कुजबुजली.

“मग चिकू काय डोक्यावर ठेवू?” म्हणत सासूबाईंनी, नर्मदाबाईंनी, शेवटचा क्रेट रचलाच.

डहाणूच्या त्यांच्या वाडीत नेट धड यायचं ते फक्त गोदामाच्या खिडकीपाशी. दोन्हीकडे क्रेटच्या भिंती, मधल्या फटीत मयुरा आणि तिच्यासमोर वाशाला टांगलेल्या झोळीत आठ महिन्यांची रुचिका. झोळीची दोरी मयुराच्या पायाच्या अंगठ्याला. मुंबईच्या संस्थेत पीएचडीसाठी मुलाखत होती. गेल्या वर्षीची गरोदरपणात हुकली. यंदाही हुकली तर पुन्हा अर्ज करायचा धीर तिच्यात उरला नव्हता.

“कसली गं परीक्षा?”

“हेलियमची.”

“फुग्यातला गॅस? त्याला परीक्षा?”

“फुग्यातल्याचा दुर्मिळ भाऊ, आई. भयंकर थंड केला की पातळ होतो आणि कुठेच न अडखळता निसटतो.”

“काम सांगितलं की तुझा नवरा निसटतो तसा.”

तेवढ्यात पडद्यावर तीन चेहरे उगवले. मधल्या मॅडम म्हणाल्या, “अरुंद फटीत कोंडल्यावर या हेलियमची ए फेज, म्हणजे ए अवस्था, का टिकते? समीकरण न मांडता सांगा.”

मयुराने समीकरणंच तर पाठ केली होती. तिची नजर झोळीकडे गेली. रुचिका ओठ चोखतेय, भूक की दात? घाबरून तिने पाय आडवा ओढला. झोळी क्रेटवर धडकली आणि रुचिकाने भोकाड पसरलं. मयुराने घाईघाईने फटीच्या लांबीच्या दिशेने झोका दिला. रुचिका गप्प.

मयुराने झोळीकडे, मग दोन्हीकडच्या क्रेटच्या भिंतींकडे पाहिलं. मग तिने कॅमेरा झोळीकडे वळवला.

“मॅडम, या हेलियमचे अणू जोडीने फिरतात. मोकळ्यात, म्हणजे आमच्या अंगणात, झोळी कशीही झुलवा. तिथे बी फेज, सगळ्या दिशा सारख्या. इथे आडवं गेलं की भिंतीवर आपटतं, जोडी मोडते. भिंतीला समांतर फिरणाऱ्या जोड्याच टिकतात. ती ए फेज.”

“आणि फट रुंद केली तर?”

“बी फेज परत येईल. पण आज आमच्याकडे चिकूचा तोडा आहे, क्रेट हलायचे नाहीत.”

तिघेही हसले. मग कडेचे सर म्हणाले, “मुलगी लहान, प्रयोगशाळा मुंबईत. जमेल?”

मयुरा तोंड उघडणार तोच क्रेटच्या पलीकडून नर्मदाबाईंचा आवाज आला, “जमेल! तुम्ही तुमचा गॅस सांभाळा, पोर आम्ही सांभाळू!”

संध्याकाळी मेल आला. निवड झाली होती. जुलैत रुजू व्हायचं.

“हिची पेज कशी करतेस, दाखव,” नर्मदाबाई म्हणाल्या.

मयुराने दाखवली: तांदूळ तीनदा धुऊन, घोटून, गाळणीतून गाळून, मनगटावर थेंब टाकून बघून. नर्मदाबाईंनी सगळं नीट ऐकलं आणि पातेल्यातली न गाळलेलीच पेज फुंकर मारून रुचिकाला बोटाने चाटवली.

“आई, शितं...” मयुराच्या ओठांवर आलं.

रुचिकाने गिळलं आणि पुन्हा आ केला.

मयुराने गाळणी धुतली, पुसली आणि फळीवर वर ठेवून दिली.