पिंपाच्या पोटातली ऊब

नाक मुरडू नका, मित्रांनो! मी एक जुने, निळे, प्लास्टिकचे पिंप आहे आणि माझ्या पोटात माती, वाळकी पाने आणि गांडुळे आहेत. वास येतो तो त्यांचा. मी जन्मापासून काही असा नव्हतो. तापलेल्या साच्यातून मला बाहेर काढले तेव्हा माझे अंग कसे लखलखत होते! पुढची वीस वर्षे मी एका बेकरीत साखरेचा पाक सांभाळला. मुंग्या माझ्यावर जीव टाकत आणि बेकरीवाले आप्पा दर आठवड्याला मला गरम पाण्याने आंघोळ घालत.

मग आप्पा थकले आणि बेकरी बंद झाली. त्यांच्या मुलीने, म्हणजे सगळ्यांच्या ताईने, त्याच जागेत वाट्या बनवायला सुरुवात केली. कशाच्या वाट्या? गव्हाच्या कोंड्याच्या! कोंडा चाळायचा, दमट करायचा, दोन लोखंडी साच्यांमध्ये धरून तापवत दाबायचा आणि जुन्या भट्टीत सुकवायचा. लोक आधी हसले. ताईने हसणाऱ्यांना त्याच वाटीतून शेंगदाणे खायला दिले.

तेव्हा माझ्या नशिबी नवे काम आले, ते म्हणजे खाणे. ताईने माझे झाकण काढले, तळाला भोके पाडली आणि मला मातीने भरून अंगणात ठेवले. नवी वाटी तयार झाली की तिचे तुकडे जाळीच्या पिशवीत बांधायचे, पिशवीला पत्र्याचा क्रमांक लावायचा आणि ती माझ्या पोटात पुरायची. ठरलेल्या दिवशी उकरून, चाळून, धुऊन पाहायचे. पिशवीत काही उरले नाही तर वाटी पास. "तू खाल्लंस तरच खरं हं," असे म्हणून ताई माझ्या पाठीवर थाप मारायची. इतका मान मला पाक सांभाळताना कधी मिळाला नव्हता.

एकच अडचण होती. गरम सूप ओतले की कोंड्याची वाटी फुगायची आणि गळायची. म्हणून ताईने मक्यापासून केलेला एक पातळ पापुद्रा विकत आणला आणि वाटीच्या आत चिकटवला. त्यावर हिरवे पान छापलेले होते. हा मातीत विरतो, असे विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितले होते.

या वाट्या एका रुग्णालयाच्या स्वयंपाकघराला हव्या होत्या. तिथल्या मुख्य स्वयंपाकीणबाई मोठ्या खमक्या. वापरलेल्या वाट्या त्या मागच्या खड्ड्यात पुरणार होत्या आणि ती माती भाजीच्या वाफ्यांत घालणार होत्या. "नव्वद दिवसांत माती झाली पाहिजे," त्यांनी बजावले. "माझ्या भाजीत चिंध्या नकोत." हे काम मिळाले नाही तर ताईची जागा बंद पडणार होती आणि साच्यांवरच्या चौघीजणी घरी बसणार होत्या.

ताईने वाट्या पुरल्या आणि मला आप्पांच्या हवाली केले, कारण ती दिवसभर साच्यांपाशी अडकलेली असे. थंडीचे दिवस होते. आप्पांनी माझ्या मातीत हात घातला आणि ते हळहळले. "अरेरे, गारठलाय की बिचारा! अशानं काय होणार याचं?" चाळीस वर्षे त्यांनी कणीक उबेला ठेवून फुगवली होती. त्यांनी मला ढकलत ढकलत भट्टीच्या मागच्या बोळकांडीत नेले, गरम भिंतीला टेकवले आणि वरून पोते पांघरले. यात कुणाला सांगण्यासारखे काही आहे, असे त्यांना वाटलेच नाही. ते फक्त चाळणीत उरलेले धुऊन ताईला नेऊन दाखवत.

मित्रांनो, खोटे कशाला बोलू? मला फार सुख झाले. भट्टी दिवसभर पेटलेली. गांडुळांनी तळाच्या भोकांतून पळ काढला, पण डोळ्यांना न दिसणारे माझे मदतनीस असे काही जोमाला आले की विचारू नका. तो पापुद्रा मऊ पडला आणि बघता बघता संपला. "शाब्बास रे पठ्ठ्या!" आप्पा म्हणत आणि मी फुशारून जाई.

नव्वदाव्या दिवशी स्वयंपाकीणबाई स्वतः आल्या. चाळणीत रिकाम्या पिशव्या आणि पत्र्याचे क्रमांक तेवढे राहिले होते. चौघीजणींनी टाळ्या वाजवल्या. बाई खूश झाल्या आणि स्वयंपाकिणीच्या सवयीने त्यांनी माझ्यात कोपरापर्यंत हात घातला.

"अगंबाई, काय छान उबदार ठेवलीय हो माती! आमचा खड्डा म्हणजे नुसता बर्फ."

त्यांनी कौतुकच केले होते. ताईचा चेहरा मात्र उतरला. तिने माझ्या मातीत हात घातला, मग भिंतीकडे पाहिले, पोत्याकडे पाहिले, आप्पांकडे पाहिले. तिने नुसती मान डोलावली असती तरी काम पक्के होते. मी मनात म्हणत होतो, गप्प बस ग बाई, कुणाला कळणार आहे?

ताईने हात ॲप्रनला पुसले. "बाई, आमची परीक्षा चुकली. ही माती भट्टीनं तापलीय. तुमच्या गार खड्ड्यात हा पापुद्रा विरेल की नाही, मला माहीत नाही. मला वेळ द्या."

"अहो, पण मला वाट्या आत्ता हव्यात!"

"आत्ता मी देणार नाही."

बाईंनी हाताची माती झटकली. "बरं, तोवर घासू आम्ही भांडी," असे म्हणून त्या निघून गेल्या. मला माझ्याच मनाची लाज वाटली.

आप्पा स्टुलावर मटकन बसले. "पोरी, मी तुझं वाटोळं केलं."

"वाटोळं कसलं, आप्पा? तुम्ही पिंपाला कणीक समजलात, एवढंच."

दोघेही हसले. आप्पांचे डोळे मात्र भरून आले होते.

मला अंगणाच्या अशा कोपऱ्यात हलवले, जिथे ऊन बारा महिने फिरकत नाही. तशाच वाट्या पुन्हा पुरल्या. तोवर कोरड्या खाऊसाठी बिनपापुद्र्याच्या वाट्या विकून ताईने जागा कशीबशी चालू ठेवली. नव्वद दिवसांनी कोंड्याची माती झाली होती, पण पापुद्रा कांद्याच्या सालीसारखा शाबूत निघाला. त्यावरचे हिरवे पानसुद्धा जसेच्या तसे!

त्या दिवसापासून आप्पा स्वयंपाकाच्या ओट्यापाशी काहीतरी खुडबुड करू लागले. एका सकाळी त्यांनी कणकेचा गोळा पाण्याखाली धरला आणि धूत राहिले. पांढरे पाणी वाहून गेले आणि हातात चिकट, रबरासारखा गोळा उरला. "इतकं धुऊनही जे उरलं, ते पाण्याला कशाला भिईल?" ते ताईला म्हणाले. "हेच लाव आतून." पहिल्या वाट्या साच्याला चिकटल्या, पुढच्या करपल्या, आणि कितव्या तरी खेपेला एका वाटीने अर्धा तास गरम सूप धरून ठेवले. खाली ठेवलेला कागद कोरडा होता.

तशा वाट्या माझ्या गार पोटात गेल्या. या वेळी मी सावकाश जेवलो. नव्वदाव्या दिवशी बाई पुन्हा आल्या आणि त्यांनी आधी हातच घातला. "आत्ता कसं! आमच्या खड्ड्यासारखं!" चाळणीत रिकाम्या पिशव्या, पत्र्याचे क्रमांक आणि एक गांडूळ होते, बाकी काही नाही. बाईंनी तिथेच वाट्या मागवल्या. आप्पांनी ते गांडूळ उचलून अलगद माझ्यात सोडले.

मला त्या वाटीचे फार कौतुक वाटते, मित्रांनो. अर्धा तास आजारी माणसाच्या हातात ऊब धरायची आणि मग मातीत मिसळून जायचे, हे मला कधीच जमणार नाही. मी प्लास्टिकचा. मध्यंतरी माझ्या कडेला चीर गेली, तेव्हा चौघींपैकी एक म्हणाली, "आता टाका हे पिंप." आप्पा म्हणाले, "टाकू कुठं? कुठंही टाकलं तरी हे असणारच." आणि त्यांनी तापल्या तारेने मला टाके घातले. तुमच्याही घरात माझे भाऊबंद असतील. त्यांना फेकू नका, काहीतरी काम द्या. आणि एखाद्या वस्तूवर हिरवे पान छापलेले दिसले, तर ती गार मातीत पुरा आणि उकरून बघा.

थंडी पडली की आप्पा आजही ते पोते घेऊन अंगणात येतात. माझ्या मातीत हात घालतात. "गार आहेस ना? मग ठीक," असे म्हणतात आणि ते पोते स्वतःच्याच गुडघ्यांवर पांघरून माझ्याशेजारी बसून राहतात.