काचेआडची दोन पानं

मी इंग्रजी-अरबी शब्दकोश आहे. जुना आहे, पाठ मोडलेला आहे आणि रागावलेला आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना उसासे टाकतात, असं तुम्ही वाचलं असेल. मला उसासे टाकायचे नाहीत. जे घडलं ते सांगायचं आहे.

माझा जन्म बैरुतच्या एका छापखान्यात झाला. बाराशे पानं, लाल कापडी बांधणी, पाठीवर सोनेरी अक्षरं. ज्या म्हाताऱ्या कारागिराने मला शिवलं, त्याने पानं फरफर उलटून पाहिली आणि म्हणाला, हा शंभर वर्षं वापरला तरी टिकेल. 'वापरला तरी' हे त्याचे शब्द मी जपून ठेवले. मग बोटीने आणि ट्रकने मी दमियात गावी आलो, मुलींच्या माध्यमिक शाळेत. दमियात हे सुतारांचं गाव. खिडकी उघडली की लाकडाचा आणि सरसाचा वास वर्गात शिरतो. तिथे माझ्यासाठी एक सुंदर कपाट आधीच तयार होतं. अक्रोडाचं लाकूड, कोरीव वेलबुट्टी, समोर काच आणि पितळी कुलूप.

त्या कपाटात मी नऊ वर्षं राहिलो.

किल्ली ग्रंथपाल फिक्री अफेंदींकडे असे. ग्रंथालयाची प्रत्येक वस्तू कागदोपत्री त्यांच्या जिम्म्यात होती. पुस्तक हरवलं किंवा फाटलं तर जाब त्यांनाच द्यावा लागणार. म्हणून त्यांनी सोपा मार्ग काढला. पुस्तक कुणाला द्यायचंच नाही. मुली मागायला आल्या की ते खुर्चीतून न उठता म्हणत, "काचेतून दिसतंय ना? मग झालं."

एकदा वरून तपासनीस आले. त्यांनी मला मधोमध उघडून पाहिलं, मान डोलावली आणि तसंच उघडं लाकडी घोडीवर ठेवलं. ते गेल्यावर फिक्री अफेंदींनी कुलूप लावलं. तेव्हापासून माझी तीच दोन पानं जगाला दिसत राहिली. उरलेल्या पानांना वाळवी लागली असती तरी कुणाला पत्ता लागला नसता. दर गुरुवारी माझी काच पुसली जाई आणि येणारे पाहुणे म्हणत, किती जपलंय हो पुस्तक!

ही स्तुती ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड होई.

इंग्रजीचे मुख्य शिक्षक होते उस्ताद वग्दी. दुसऱ्या वर्षाच्या मुलींना एक इंग्रजी कादंबरी नेमलेली होती. एका श्रीमंत घरातला म्हातारा माळी आणि त्याचा मालक यांची गोष्ट. ती गोष्ट वर्गात कुणी वाचतच नसे. उस्ताद वग्दींनी बारा वर्षांपूर्वी प्रश्नोत्तरांचे कागद तयार केले होते. मुलींनी ते पाठ करायचे आणि परीक्षेत जसेच्या तसे उतरवायचे. स्वल्पविराम चुकला तरी अर्धा गुण जाई.

त्या वर्गात रावया नावाची मुलगी होती. खुर्च्यांवर नक्षी कोरणाऱ्या कसबी सुताराची, उस्ता शिहाताची, थोरली लेक. ती मधल्या सुट्टीत तामिया, म्हणजे वालाच्या वड्या, घातलेली भाकरी खात माझ्यासमोर येऊन उभी राहायची आणि माझी दोन पानं वाचायची. एका दिवशी दोन शब्द, दुसऱ्या दिवशी तीन. ओठ हलत, आवाज नसे. तिच्या तेलकट बोटांचे ठसे काचेवर उमटत आणि फिक्री अफेंदी ते पुसताना तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. मी तिची वाट पाहत असे. नऊ वर्षांत मला वाचणारी ती पहिलीच होती.

मग सहामाही परीक्षा आली. प्रश्न होता, मालकाच्या मुलाच्या लग्नाला म्हातारा माळी का गेला नाही? उस्ताद वग्दींच्या कागदात उत्तर होतं, तो म्हातारा आणि आजारी होता म्हणून. पण रावयाने कादंबरी खरोखर वाचली होती. तिने लिहिलं, माळी आजारी नव्हता, त्याच सकाळी त्याने विहिरीवरून तीस घागरी पाणी आणलं होतं. वीस वर्षांपूर्वी मालकाने माळ्याच्या मुलावर हात उगारला होता आणि माळ्याच्या मनात 'ग्रज' होता. ग्रज म्हणजे मनात धरून ठेवलेला जुना राग. हा शब्द माझ्या डाव्या पानावर सगळ्यात वर आहे.

उस्ताद वग्दींनी पूर्ण उत्तरावर लाल रेघ मारली, शून्य दिलं आणि खाली लिहिलं, 'नक्कल'.

दुसऱ्या दिवशी उस्ता शिहाताला शाळेत बोलावणं गेलं. मुख्याध्यापिका सिट्ट बहिगा यांचं कार्यालय ग्रंथालयाला लागूनच होतं, दार उघडं होतं आणि मला सगळं ऐकू येत होतं. उस्ताद वग्दींचं म्हणणं असं, की हा शब्द पुस्तकात नाही, त्यांच्या कागदात नाही, तेव्हा सुताराच्या मुलीला तो येणं शक्य नाही. तिने बाहेरून कुणाकडून तरी उत्तर लिहून आणलं. अशा मुलीला वर्षभर परीक्षेला बसू देऊ नये.

उस्ता शिहाता कामावरून तसाच आला होता. भुवयांवर लाकडाचा भुसा होता. तो हळू आवाजात म्हणाला, "बाई, पोरीने चोरी केली असेल तर उद्यापासून ती घरी बसेल. माझ्या घरात चोर नको. पण केली नसेल, तर?"

रावया त्याच्या मागे दाराशी उभी होती.

त्याच वर्षी नवीन लागलेल्या शिक्षिका मिस इन्साफही तिथे होत्या. त्यांनी रावयाला विचारलं, शब्द कुठून आणलास? रावया म्हणाली, कपाटातून.

सगळे माझ्यासमोर आले. सिट्ट बहिगांनी कुलूप उघडायला सांगितलं. फिक्री अफेंदी म्हणाले की त्याला समिती लागते, अर्ज लागतो आणि किल्ली आज घरी राहिली आहे. किल्ली त्यांच्या खिशात होती. मी काचेतून तिचा उंचवटा पाहत होतो! त्या क्षणी मला हात असते तर मी ती काच आतून फोडली असती.

रावया काचेकडे पाठ करून उभी राहिली आणि बोलू लागली. ग्रज, ग्रूएल, ग्रफ, ग्रम्बल, ग्रंट, गॅरंटी, गार्ड. प्रत्येक शब्दाचं स्पेलिंग, त्याचा अर्थ, त्याखालचं वाक्य. सिट्ट बहिगांनी चष्मा चढवला आणि काचेवर बोट फिरवत तिच्यामागून वाचू लागल्या. डावं पान संपलं. उजवंही संपलं. एकही शब्द सुटला नाही. उस्ता शिहाताला इंग्रजी कळत नव्हतं. तो फक्त सिट्ट बहिगांच्या बोटाकडे पाहत होता. बोट शेवटच्या ओळीवर थांबलं तेव्हा त्याने बाहीने तोंड पुसलं.

तुम्हाला वाटेल, आता न्याय झाला. ऐका मग.

उस्ताद वग्दी म्हणाले, "शब्द असेल खरा. उत्तर चूकच आहे. नमुना उत्तराशी ते जुळत नाही."

 सिट्ट बहिगांनी नकलेचा आरोप खोडला आणि शून्य तसंच ठेवून सही केली. रावया रडली नाही. तिने एवढंच विचारलं, की मग तो माळी पाणी कसा आणत होता? उस्ताद वग्दी दाराबाहेर पडले होते. आणि दुसऱ्या सकाळी फिक्री अफेंदींनी खिशातून ती घरी राहिलेली किल्ली काढली, कपाट उघडलं, मला मिटलं आणि पुन्हा कुलूप लावलं. नऊ वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा हात लावला, तो मला बंद करण्यासाठी.

मिस इन्साफ मात्र गप्प बसल्या नाहीत. तीन आठवडे त्या अर्जांमागे धावल्या आणि शेवटी त्यांनी मला स्वतःच्या नावावर, स्वतःच्या जिम्म्यात घेतलं. वर्गात नेऊन त्यांनी मला पहिल्या बाकावर ठेवलं आणि म्हणाल्या, "मुलींनो, हा तुमचा. हात धुतले नसतील तरी चालेल."

पुढची सहा वर्षं मी जगलो. माझ्यावर चहा सांडला, शाई सांडली, एकीने माझ्यात वाळलेली जास्वंद ठेवली. एका शब्दावरून दोन मुली भांडल्या आणि मला दोन्हीकडून ओढलं. पाठीचे टाके उसवले, सोनेरी अक्षरं गेली, काही पानं गळून पडली. रावया दोन वर्षांनी मन्सुऱ्याला शिक्षक व्हायला गेली. जाण्याच्या दिवशी तिने मला पहिल्या पानापासून चाळलं, जणू एवढ्या खोल्यांचं घर आपल्याला ठाऊकच नव्हतं. सहामाहीचे ते गुण तिला कधीच मिळाले नाहीत.

उस्ताद वग्दींनी वर तक्रारींचे कागदांवर कागद पाठवून सहाव्या वर्षी मिस इन्साफची बदली दूरच्या खेड्यात करवली. जाताना जिम्मा परत द्यावा लागतो. तीन जणांची समिती बसली. त्यांनी माझी पानं मोजली. बावीस कमी भरली.

मिस इन्साफ म्हणाल्या, "पानं हरवली नाहीत, झिजली आहेत. मुलींनी वाचून झिजवली. कागदावर तसंच लिहा."

कारकुनाने लिहिलं, 'निष्काळजीपणामुळे खराब'. तो शेरा त्यांच्या नोकरीच्या कागदात कायमचा लागला. मला भंगाराच्या खोलीत टाकलं. मोडक्या बाकांच्या मधून मला ते अक्रोडाचं कपाट दिसतं. त्यात आता नवा कोश आहे. काच दर गुरुवारी पुसली जाते. त्याच्या बांधणीवर अजून एक सुरकुतीही नाही.

मित्रांनो, शब्दांचे अर्थ सांगणं हे माझं काम आहे, म्हणून एक अर्थ सांगून ठेवतो. मी फाटलो तो निष्काळजीपणा नव्हता. निष्काळजीपणा म्हणजे ती नऊ वर्षं, जेव्हा मी कोरा करकरीत होतो. तुमच्या शाळेत असं कपाट असेल तर किल्ली मागा. नाही म्हणाले तर उद्या पुन्हा मागा. आणि पुस्तक हातात आलं की ते फाटेल म्हणून भिऊ नका. मला शिवणारा कारागीर भ्याला नव्हता.