डबीमागची ओळ

“‘व्यवस्थापन’ लिहा आणि मोकळे व्हा,” गोंदो दारातूनच म्हणाला. “गेममध्ये न्हाणीघर चालवायचं, गिऱ्हाइकं सांभाळायची. झालं की व्यवस्थापन! त्यात एवढं विचारात पडण्यासारखं काय आहे, इसोगाईसान?”

इसोगाईंनी पडद्यावरची नजर काढली नाही. “अजून शेवटापर्यंत पोचलो नाही मी.”

“अहो, गेम संपवून कोण लिहितं? संध्याकाळी छापखान्याचा माणूस येईल, त्याला काय सांगू? आमचे इसोगाईसान अंघोळीला बसलेत म्हणून?”

खोलीतले दोघेतिघे हसले. इसोगाईही हसले, पण जरा उशिराने, सगळ्यांचे हसून झाल्यावर.

ओसाकातल्या त्या लहानशा कंपनीत त्यांनी उभे आयुष्य काढले होते. साठी उलटल्यावर रीतीप्रमाणे निरोपाची फुले मिळाली आणि दुसऱ्या दिवसापासून निम्म्या पगारावर ते त्याच खुर्चीत परत येऊन बसले. एकेकाळी त्यांच्या हाताखाली शिकलेला गोंदो आता विक्री विभागाचा प्रमुख होता. तो त्यांना काम सांगे, पण घरातल्या काकांना सांगावे तसे, अर्धे रागावून, अर्धे सांभाळून घेत.

इसोगाईंचे काम तसे कुणाच्या डोळ्यांत भरणारे नव्हते. खेळाच्या डबीच्या पाठीवर, तळाशी, ‘प्रकार’ या शब्दापुढे एक ओळ असते. ती कशी लिहावी याचा काही नियम नाही, त्यामुळे आपल्या खेळासाठी आपले स्वतःचे नाव घडवण्याची हौस पुष्कळांना असते. या कंपनीत ती हौस इसोगाईंकडे सोपवलेली होती. हरवलेला कुत्रा घर शोधतो, त्या खेळावर त्यांनी लिहिले होते, ‘वासाच्या मागावरचे साहस’. दोन बहिणींच्या पत्त्यांच्या खेळावर लिहिले होते, ‘रुसव्याफुगव्यांची लढाई’. वाचणारे क्षणभर हसत आणि डबी उघडत. हसण्यापलीकडे त्या ओळीमागे काही विचार असेल, असे कुणाला वाटत नसे.

विचार मात्र होता. गोष्टींचे प्रकार माणसाने मनावरून पाडले: रडवणारी, हसवणारी, भिववणारी. कादंबरीला कुणी ‘पाने उलटण्याचा प्रकार’ म्हणत नाही. खेळांचे प्रकार मात्र बोटांवरून ठरले: उडी मारायची, नेम धरायचा, ठोकळे रचायचे. कुठला प्रकार आवडतो असे विचारले की माणूस बोटांचे उत्तर देतो आणि मनातले मनातच राहते. त्यांची पत्नी तामाए हयात असताना रोज संध्याकाळी वरून पडणारे ठोकळे जुळवीत बसे. “तुला कोडी आवडतात तर,” ते एकदा म्हणाले होते. “कोडी कसली?” ती म्हणाली, “जेवणं झाल्यावर ओटा आवरल्यासारखं वाटतं मला.” त्या दिवसापासून इसोगाई दोन्ही बाजू तोलून पाहू लागले. बोटे काय करतात आणि मन कुठे जाते, हे दोन्ही ज्या शब्दांत मावेल तेच त्या खेळाचे खरे नाव, असे त्यांना वाटे.

पुढच्या वर्षापासून डब्या निघणार नव्हत्या. खेळ इंटरनेटवरूनच विकले जाणार होते, आणि तिथे आधीच ठरलेल्या प्रकारांपैकी एकावर बोट ठेवले की काम भागत होते. म्हणजे समोरचा खेळ हा त्यांच्या वाट्याचा शेवटचा.

खेळात गल्लीतले एक सार्वजनिक न्हाणीघर होते, पैसे देऊन गरम पाण्यात अंघोळ करायची जागा. खेळणारा त्याचा मालक. त्याने पाणी तापवायचे, फरशी घासायची, उघडल्याची खूण म्हणून दारावर पडदा लावायचा, येणाऱ्याचे स्वागत करायचे. हिवाळा सरत जातो तशी गिऱ्हाइके विरळ होत जातात आणि अखेरीस न्हाणीघर बंद पडते. काहीही केले तरी पडतेच.

दुपारी हा खेळ घडवणारी नावाता रेइको दोन गरम कॉफीचे डबे घेऊन आली आणि त्यांच्याशेजारी स्टूल ओढून बसली.

“गोंदोसान म्हणतात तेच लिहिणार का?”

“बंद पडणार, हे खेळणाऱ्याला कधी कळतं?” इसोगाईंनी उलट विचारले.

“पहिल्याच दिवशी. बॉयलरवाला सांगून जातो. पण ऐकतंय कोण! चाचणीला बसवलेली झाडून सगळी मंडळी ते वाचवायला धावली. एकानं दर वाढवले, एकीनं भिंतीवरचं फुजी डोंगराचं चित्र पुसून नवं काढलं. शेवटी बंद पडलं, तर मलाच म्हणतात, गेममध्ये चूक आहे.”

“वाचवायची एखादी वाट ठेवता आली असती.”

रेइकोने डबा दोन्ही तळहातांत फिरवला. “बाबांना नाही सापडली ती.”

इसोगाईंनी खेळ थांबवला. पडद्यावर वाफ जागच्या जागी गोठली.

“त्यांनी पाहिला का हा?”

“नाही. फुकट नको म्हणतात. दुकानात जाऊन विकत घेणार. आणि बाबांना तुम्ही ओळखत नाही, लोणच्याच्या पाकिटावरचासुद्धा शब्द न् शब्द वाचल्याशिवाय पैसे काढत नाहीत.” ती हसायला गेली, पण हसू पुरले नाही. “डबीमागे ‘व्यवस्थापन’ वाचलं, तर त्यांना वाटेल, पोरगी जगाला सांगतेय, बाबांना धंदा सांभाळता आला नाही. तोंडानं काही बोलणार नाहीत. तेच तर वाईट आहे.”

खालच्या नूडलच्या दुकानातून रश्शाचा वास जिन्याने वर येत होता.

“शेवटच्या दिवशी ते काय करत होते?” इसोगाईंनी हळूच विचारले.

“फरशी घासत होते! मी म्हटलं, बाबा, उद्या पाडायला येणारेत, आज तरी राहू द्या. तर माझ्यावरच खेकसले, ‘आज गिऱ्हाईक येणार आहे ना?’”

ती गेल्यावर इसोगाईंनी खेळ पुढे चालू केला. आता त्यांनी काहीच वाचवायचा प्रयत्न केला नाही. पाणी तापवले, फरशी घासली, पडदा लावला. शेवटच्या संध्याकाळी एक म्हातारी आली, सावकाश अंघोळ करून गेली, आणि त्यांच्या लक्षात आले की एवढा वेळ आपली बोटे आणि आपले मन एकच काम करीत होते.

संध्याकाळी गोंदोने कागद हातात घेऊन मोठ्याने वाचले. “‘प्रकार: शेवटच्या गिऱ्हाइकापर्यंत पाणी तापवणे’. हे काय आहे, इसोगाईसान? हा काय प्रकार झाला? दुकानात कोण येऊन विचारणार आहे, पाणी तापवायचा एखादा नवा गेम दाखवा म्हणून?”

“कुणी विचारणार नाही.”

“मग? ‘व्यवस्थापन’ म्हटलं की शंभर जण हात घालतात.”

“आणि वाचवता आलं नाही म्हणून शंभर जण चिडतात,” इसोगाई म्हणाले. ते उभे राहिले होते. “साहेब, ही ओळ राहू द्या.”

खोलीतली बोटे कळफलकांवर थांबली. गोंदोला त्यांनी आजवर कधी साहेब म्हटले नव्हते. गोंदो कानापर्यंत लाल झाला.

“ते तसलं नका हो बोलू,” तो पुटपुटला. छापखान्याचा माणूस दाराशी येऊन टोपी काढून उभा होता. गोंदोने एकदा त्याच्याकडे, एकदा कागदाकडे पाहिले. “डबीवर राहू दे. तशाही थोड्याच निघणारेत. पण इंटरनेटवर मी ‘व्यवस्थापन’च निवडणार, आधीच सांगतो. तिथं पाणी तापवायला जागा नाही.”

“हो,” इसोगाई म्हणाले आणि कमरेतून वाकले.

खेळ दुकानात आला त्या दिवशी रेइको त्यांना निप्पोम्बाशीतल्या एका दुकानात घेऊन गेली. दोघे पलीकडच्या फडताळाआड उभे राहिले, चोरी करायला आल्यासारखे. तिचे वडील इस्त्रीचा कोट घालून आले होते. त्यांनी डबी उचलली, उलटी केली, हात लांब करून धरली. वरपासून वाचीत वाचीत ते तळाशी आले आणि तिथे थांबले. ओठ हलले. मग त्यांनी तीच ओळ पुन्हा वाचली.

“हाक मारू?” रेइकोने कुजबुजत विचारले.

“थांबा जरा.”

वडील गल्ल्यापाशी गेले. पैसे काढण्याआधी त्यांनी डबी तिथल्या मुलीसमोर ठेवली. “यात पाणी किती गरम ठेवायचं, ते आपल्याला ठरवता येतं का?”

“माफ करा आजोबा, मला नाही हो माहीत.”

“बेचाळीसच्या वर गेलं की लहान मुलं रडतात,” ते म्हणाले, “आणि खाली उतरलं की म्हातारे कुरकुरतात.” मुलगी ऐकते आहे असे पाहून त्यांनी कोपर गल्ल्यावर टेकले आणि सकाळी आधी कुठला नळ सोडायचा ते तिला समजावून सांगू लागले. मागे रांग वाढत होती. कुणीच त्यांना घाई केली नाही.

रेइको फडताळाकडे तोंड करून उभी होती. इसोगाईंनी समोरची कुठलीशी डबी उचलली आणि ते डबीच्या पाठीवरचा मजकूर वाचू लागले.