सासूबाईंच्या पायाशी मॉनिटर

साउंडवाल्याच्या सासूबाई कथाकथन करत आणि जावई सभागृहाच्या मागच्या कोपऱ्यात प्रीअँप सांभाळत बसे. माइकमधून निघणारा आवाज मुळात मरतुकडा असतो. प्रीअँप त्याला बाळसं देतो, मग वाटपाची पेटी त्याचे चार वाटे करते: सभागृह, बाल्कनी, बाहेरची लॉबी आणि सासूबाईंच्या पायाशी ठेवलेला मॉनिटर, म्हणजे बोलणाऱ्याला त्याचाच आवाज ऐकवणारा स्पीकर. चारही वाटे अगदी सारखे. सख्ख्या भावांतही इतका न्याय होत नाही.

गेली काही वर्षं सासूबाईंचा आवाज खाली खाली चालला होता. दर कार्यक्रमाला जावई प्रीअँपचं बटण जरासं पुढे फिरवी. ‘मोठ्यानं बोला’ असं त्याने मंत्र्यांना सुनावलं होतं, पण सासूबाईंना म्हणायची छाती नव्हती. यंदा तालमीत बटण टोकाला टेकलं. “आईंचा आवाज संपला गं,” तो बायकोला म्हणाला. बायको रडली आणि मग तिनेच आयोजकांना कळवलं, की हा आईचा शेवटचा कार्यक्रम. सासूबाईंच्या कानावर घातलं तेव्हा त्या म्हणाल्या, “तुम्हा दोघांना योग्य वाटतंय ना? मग झालं.” आणि भरल्या ताटावरून उठल्या.

कार्यक्रमाच्या दिवशी टोकाला गेलेल्या बटणाने शिट्ट्या मारायला सुरुवात केली. मॉनिटरमधला आवाज पुन्हा माइकात शिरत होता. जावयाने मॉनिटरची केबल पेटीतून उपटली. सासूबाईंना सांगायला हवं होतं, पण शेवटच्या दिवशी कशाला डोक्याला ताप, म्हणून त्याने सांगितलं नाही.

सासूबाई पहिलं वाक्य बोलल्या आणि थांबून पायाशी बघू लागल्या. मॉनिटर मुका. माइक मेला असं समजून त्यांनी घसा खाकरला आणि असा काही आवाज लावला, की मीटरचा काटा लाल पट्टीवर जाऊन आदळला आणि बाल्कनीतले एक गृहस्थ झोपेतून उभेच राहिले. जावयाने बटण मागे घेतलं. आणखी मागे घेतलं. पार पहिल्या वर्षाच्या जागी आणलं तरी आवाज भरून उरत होता. कथा संपेपर्यंत कोणी खोकलंसुद्धा नाही. जावयाला आनंद झाला, आणि पाठोपाठ बायकोने आयोजकांना काय कळवलंय ते आठवलं.

टाळ्या चालू असतानाच त्याने पडद्याआड सासूबाईंना गाठलं. “आई, हा आवाज होता कुठे इतकी वर्षं?”

“तुमच्या त्या डब्यातून दरवर्षी मीच माझ्या अंगावर खेकसायचे. लाज वाटायची हो. म्हटलं, वयामुळे ओरडायला लागलेय वाटतं. म्हणून आवाज कमी करत गेले.”

“अहो, मग मला सांगायचं ना!”

“जावयाच्या कामात नाक खुपसू? मी तसली सासू नाही.”

म्हणजे त्या आवाज उतरवत होत्या म्हणून हा बटण चढवत होता, आणि हा चढवत होता म्हणून त्या उतरवत होत्या. एकमेकांचा मान राखता राखता दोघांनी मिळून एका चांगल्या आवाजाला निवृत्त केलं होतं. जावयाला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

तेवढ्यात आयोजक पुष्पगुच्छ घेऊन माइकपाशी पोचले. “आज जड अंतःकरणाने आपण...”

जावई धावत कोपऱ्यात गेला आणि त्याने माइक बंद केला. आयोजकांचे ओठ हलत राहिले. त्यांनी माइकवर टिचक्या मारल्या, कोपऱ्याकडे बघून हातवारे केले. जावई खाली वाकून एका धडधाकट केबलची कसून तपासणी करत होता.

सासूबाई मंचावर आल्या. त्यांनी पुष्पगुच्छ काढून घेतला आणि माइकचा स्टँड बाजूला सारला.

“पुढच्या वर्षीची कथा ठरलेली आहे,” त्या म्हणाल्या. “लांबलचक आहे. जेवून या.”

सभागृहात हशा पिकला. बाहेर लॉबीतल्या लोकांनीही टाळ्या वाजवल्या. लॉबीतला स्पीकर त्या वेळी मुकाच होता.