मागचं डावं चाक

"अगं, मागच्या डाव्या चाकाचे नट मी आवळले का?"

मिस्त्री मोरीत उभे होते. साबणाचा फेस कोपरापर्यंत आला होता आणि नळाचं पाणी नुसतंच वाहत होतं. बायको ओट्यावरची भांडी उचलत होती. तिने मान वळवली नाही.

"आता हे मी सांगू? मी काय तुमच्या हाताखाली कामाला होते?"

"तू दारात उभी होतीस."

"मी पोरांना टाटा करत होते. नट बघत नव्हते."

मिस्त्रींनी डोळे मिटले. सकाळपासूनचं सगळं एकेक करून आठवून पाहिलं. मुलगी सुट्टी संपवून दोन्ही नातवंडांना घेऊन परत निघणार, म्हणून त्यांनी तिच्या गाडीची चाकं काढली. पुढची मागे, मागची पुढे. तीन चाकं त्यांना नीट आठवत होती. चौथ्याचे नट बोटांनी फिरवून बसवले, जॅक उतरवला, तेही आठवत होतं. आता पाना घालून करकचून आवळायचं, एवढंच बाकी होतं. आणि तेवढ्यात धाकट्याने ताईचा बूट गटारात टाकला. तिने भोकाड पसरलं. मिस्त्री सळई घेऊन धावले, बूट काढला, नळाखाली धुतला, पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग बॅगा, पापे, हॉर्न. जॅक आणि पाना डिकीत ठेवल्याचं आठवत होतं. बूट काढल्यावर पाना हातात घेतला होता का, तिथे मात्र डोक्यात काहीच नव्हतं. कितीही शोधलं तरी नव्हतं.

हात न पुसताच त्यांनी फोन लावला. मुलगी फोन उचलेना. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, हे त्यांनीच तिला दटावून शिकवलं होतं. पुन्हा लावला. घंटी वाजून वाजून बंद झाली.

तासाभरात गाडी घाटाला लागणार होती.

मिस्त्री शेतात वाढलेले. त्यांचे वडील बैलगाडी जुंपली की चाक निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला खीळ ठोकायचे, आणि निघण्याआधी गाडीला वळसा घालून त्याच खिळींवर पुन्हा हात फिरवायचे. स्वतःच तर ठोकली, मग बघायचं काय, असं लहानपणी विचारल्यावर ते म्हणाले होते, "काम केलेल्या हातावर विश्वास ठेवू नये. त्याला स्वतःचं कौतुक फार." विहिरीवरचं इंजिन उघडता-जोडता मिस्त्री मेकॅनिक झाले, भावांमध्ये जमीन वाटली गेल्यावर शहरात आले, रस्त्याकडेला पत्र्याची शेड टाकली, तरी ही सवय सुटली नाही. गाडी कुणाचीही असो, सोडण्याआधी चारी चाकांवर हात फिरायचाच. आजच तेवढा फिरला नाही.

तसा माणूस संसारी. दुपारी जेवायला घरीच येणार, कपड्यांना ग्रीसचा वास, पण पोरीला उचलायच्या आधी हात तीनदा धुणार. तिला सायकल यायच्या आधी चाक बदलता येत होतं, आणि याचं भूषण बापाला होतं, आईला नव्हतं. पुढे गुडघ्यांनी संप केला, शेड बंद झाली, गिऱ्हाइकं पांगली. उरली ती मुलीची गाडी. ती आली की मिस्त्री आधी बॉनेट उघडायचे, मग नातवंडांकडे वळायचे. मागच्या वर्षी एकदा ऑईलचं झाकण बसवायचं राहिलं. इंजिनभर तेल उडालं. जावई भला माणूस, चकार शब्द बोलला नाही. फक्त म्हणाला, "बाबा, पुढच्या वेळी शोरूमलाच देतो. तुम्हाला कशाला त्रास?" त्रास हा शब्द मिस्त्रींना कुसळासारखा रुतला होता. मुलगीच नवऱ्याला म्हणाली होती की गाडी बाबाच बघतील.

आता पाठलाग करून गाडी थांबवली आणि नट घट्ट निघाले, तर म्हाताऱ्याला भ्रम झाला म्हणून गाडी हातची जाणार. सैल निघाले तर जाणारच जाणार. आणि घरी बसून राहावं, तर मागच्या सीटवर ती दोघं होती.

"मी मोटरसायकल काढतो," मिस्त्री म्हणाले.

"थांबा, मीपण येते."

"तू कशाला? उशीर होतोय."

"एकट्याला सोडते होय? आलेच."

आलेच म्हणाली आणि तिने मागच्या दाराची कडी लावली. मग खिडकी लावली. मग गॅस बघितला. मग चष्मा सापडेना. मिस्त्री गाडीवर बसून किक मारून तयार, हॉर्नवर हॉर्न. बाई पाण्याची बाटली भरून, पदर खोचून, कुलूप दोनदा ओढून बघून सावकाश बाहेर आली.

"लग्नाला चाललीस का?" मिस्त्री ओरडले. "पोरगी तिकडे सैल चाकावर चाललीय."

"तुम्ही आवळले असतील हो. उगाच जिवाला घोर लावून घेऊ नका."

तिचं हे शांत राहणं मिस्त्रींना मुळीच सहन होईना. हीच बाई पोरीला ताप आला की रात्रभर देव पाण्यात ठेवून बसायची. आज हिच्या अंगात एवढं थंड रक्त आलं कुठून?

रस्त्यावर गर्दी होती. पुढे एक ट्रक, त्याच्यापुढे एक ट्रॅक्टर, दोघांनाही काडीची घाई नव्हती. मिस्त्री एकदा डावीकडून शिरायला बघत, एकदा उजवीकडून. मागून बायको खांदा दाबत होती. "हळू. हळू हो."

"फोन लाव तिला."

"लावतेय. उचलत नाही."

सैल चाक काय करतं, हे मिस्त्रींना पक्कं ठाऊक होतं. आधी थडथड होते. नवख्याला वाटतं रस्ता खराब आहे. मग गाडी एका अंगाला ओढते, आणि मग वळण येतं. रस्त्याकडेला चार माणसं जमलेली दिसली आणि त्यांनी वेग कमी केला. केळीवाला होता. पुढे एका झाडाखाली पांढरी गाडी दिसली, ती भलत्याच कुणाची. त्यांना स्वतःचा राग येत होता, बुटाचा येत होता, धाकट्याचाही आला आणि लगेच त्याची लाजही वाटली. आयुष्यभर परक्यांच्या गाड्या डोळ्यांत तेल घालून पाहिल्या, आणि स्वतःच्या लेकराच्या गाडीत माती खाल्ली.

घाटाच्या अलीकडे शेवटचा पेट्रोल पंप होता. तिथे कडेला, हवा भरायच्या जागेपाशी, मुलीची गाडी उभी होती. चारी चाकं जागेवर होती. मिस्त्रींनी ब्रेक इतका जोरात दाबला की बायको पाठीवर आदळली.

मुलगी मागच्या डाव्या चाकाशी उकिडवी बसली होती. ओढणी कमरेला बांधलेली, हातात पाना. बापाला बघून ती चटकन उभी राहिली.

"बाबा? तुम्ही इकडे कुठे?"

"तू काय करतेस?"

"काही नाही. हवा बघत होते."

"हवा बघायला पाना लागत नाही."

मुलीने आईकडे पाहिलं. आईने बाटलीचं झाकण उघडायला घेतलं. तेवढ्यात गाडीच्या खिडकीतून नातीने डोकं बाहेर काढलं. "आजोबा, तुम्हीपण नट बघायला आलात? आई दर वेळी इथे थांबते. मग आम्हाला बिस्किटं मिळतात."

मिस्त्री मुलीकडे वळले.

"दर वेळी?"

"ते ऑईलचं झाकण राहिलं होतं ना, तेव्हापासून," मुलगी खालच्या आवाजात म्हणाली. "ह्यांना यातलं काही माहीत नाही. गाडी तुम्हीच बघायची, बाबा. मी फक्त निघाल्यावर एकदा हात फिरवते."

"आज सैल होते?"

"झालं ना आता."

"विचारतोय ते सांग. किती?"

"या चाकाचे सगळे."

मिस्त्री हवेच्या मशिनशेजारच्या कठड्यावर बसले. बायकोने बाटली पुढे केली, त्यांनी ती घेतली पण प्यायले नाहीत. मुलगी त्यांच्यासमोर खाली बसली.

"घाट लागायच्या आधी मी थांबतेच, बाबा. इथपर्यंत हळूच आणली. मला तुमच्यासमोर बघायचं नव्हतं, एवढंच."

"आणि एखाद दिवशी विसरली असतीस?"

"विसरले नसते."

"मीपण असंच म्हणायचो."

पंपावरचा माणूस कुणाच्या तरी टायरमध्ये हवा भरून गेला, धाकटा आत गाणं म्हणत होता. मिस्त्रींना रडू येईल असं वाटलं आणि ते चार लोकांत येऊ नये म्हणून त्यांनी हात पुढे केला. मुलीने पाना दिला. द्यायला क्षणभर थांबली, ते त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. त्यांनी एकेका नटाला पाना लावून जोर दिला. एकही हलला नाही. "समोरासमोरचे धरून आवळलेत, ओळीने नाही," मुलगी म्हणाली. शिकवलं होतं तसंच.

"पुढच्या वेळी चाकं काढायची असली तर तू काढ," पाना डिकीत टाकत ते म्हणाले. "घरी, अंगणात. इथे उन्हात नको. मी खुर्ची टाकून बसेन. चुकलीस तर शिव्या घालीन."

"आणि नाही चुकले तर?"

"तरी घालीन. मिस्त्री आहे मी."

मुलगी हसली आणि तिने डोळे पुसले, तशी गालावर काळी रेघ उमटली. आजोबांनी नातवंडांचे गाल ओढले, बिस्किटं घेऊन दिली. गाडी रस्त्याला लागली. मागचं डावं चाक सरळ फिरत होतं. वळण येईपर्यंत ते तिथेच बघत उभे राहिले.

"तुला ठाऊक होतं," मिस्त्री बायकोला म्हणाले.

"हो."

"म्हणून चष्मा सापडत नव्हता."

"पर्समध्येच होता," ती म्हणाली. "म्हटलं, तेवढ्यात तिचं काम उरकेल. तुम्हाला कळायला नको होतं हो."

मिस्त्रींना चिडायचं होतं, पण चीड काही येईना. ते मोटरसायकलवर बसले, किक मारली. बायको मागे बसली, तिने नेहमीसारखा खांद्यावर हात ठेवला. इंजिन चालू होतं, तरी त्यांनी गिअर टाकला नाही.

"काय झालं?"

"स्टँड वर घेतलाय का बघ गं."

इतक्या वर्षांत त्यांनी तिला असलं काही बघायला सांगितलं नव्हतं. तिला नुसतं वाकून बघता आलं असतं. ती गाडीवरून उतरली, खाली वाकली आणि स्टँडला हात लावून पाहिला.

"घेतलाय," ती म्हणाली.

ती पुन्हा बसेपर्यंत मिस्त्री थांबले, आणि मग त्यांनी गिअर टाकला.